आठ वर्षांचा रंग

जुलै. नदीवरून येणारं वारं
पत्र्याच्या शेडमध्ये फटीफटीतून शिरतं.
फ्राय बेंतोसला हा ऐन हिवाळा,
आणि हिवाळ्यात लॅकर मारायचा नाही,
हे यामांदूमामानं मला पहिल्याच दिवशी बजावलेलं:
हवेतली ओल रंगात अडकते,
सकाळी गाडी पिठात लोळल्यासारखी दिसते.

नेलिदाबाई स्वतः चालवत आल्या.
वय एक्याऐंशी. गाडी जुनी प्यूजो,
त्यांच्याहून पुष्कळ लहान, पण जास्त दमलेली.
हिरवी. म्हणजे एके काळी हिरवी.
"नातवानं पैसे पाठवलेत माँतेविदेओहून,
सगळ्यात भारी रंग लाव म्हणाला."

दाराच्या बिजागरीपाशी, जिथं कुणी बघत नाही,
मामानं थिनरचा बोळा दाबून धरला.
बोळ्याला रंग लागला तर लॅकर.
लागला नाही.
खालचा हिरवा मात्र सुरकुतत गेला,
फुंकर मारलेल्या सायीसारखा.
"इनॅमल," मामा म्हणाला. "तेही होडीचं."

बाई हसल्या.
"ओलेगारिओनं होडी रंगवली, डबा उरला.
उरलेलं टाकायचं नाही, ही त्याची रीत.
त्या साली आमच्याकडे
होडी, गाडी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं एकाच रंगाचं."

मामानं त्यांना स्टूल दिलं, मातेचा तुंबा दिला,
आणि समजावायला लागला:
सगळं खरवडून पत्रा उघडा करायचा,
प्रायमर, मग रंग, मग वर काचेसारखा क्लिअर,
हार्डनर घातलेला.
पेट्रोल सांडलं तरी डाग पडायचा नाही.
पंधरा वर्षं बघायला नको.

बोलता बोलता त्याला खोकला आला.
हार्डनरचं नाव काढलं की येतो.
माझा बाप त्याचा भागीदार होता,
तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारायचा.
शेवटी शेवटी झोपेत त्याच्या छातीत
शिट्टी वाजायची,
आणि आई उठून खिडकी उघडायची.
आता खिळ्याला मास्क आहे.
त्याची फिल्टरं कधी बदललीत, ते मी विचारत नाही.

नेलिदाबाई मास्ककडे बघत होत्या
की मागच्या कॅलेंडरकडे, सांगता येणार नाही.

"पंधरा?" त्या म्हणाल्या.
"एवढी माझ्याकडे कुठायत?
आठ वर्षांचा नाही का एखादा?"

मामा थांबला. डोकं खाजवलं.
"आहे की. इनॅमलवर इनॅमल.
नुसतं घासून वर मारायचं, हार्डनर नको.
पण या थंडीत चार दिवस चिकट राहील.
पी हळद अन् हो गोरी, असं नाही जमणार."
"मला कुठं जायचंय चार दिवसांत?
आणि नातवाला सांगू नकोस,
फोटोत सगळं सारखंच दिसतं."

"मग तोच हिरवा मिळवू का? मिळेल हुबेहूब."
"पांढरा," बाई म्हणाल्या.
"हिरवा मला कधीच आवडला नव्हता."

दोन दिवस मी ओल्या कागदानं घासत होते.
बोटं थंडीनं बधिर,
बादलीत हिरवं पाणी, मग करडं,
कडेला कुठं कुठं कारखान्याचा मूळचा निळा,
नखाएवढा.

तिसऱ्या दिवशी मामानं फवारलं,
एकाच चालीत, मनगट न वळवता,
दारं उघडी टाकून.
खोकला नाही. म्हणजे थोडासाच.

रात्री नदीकडचा एक पतंग दिव्याला आला
आणि बॉनेटवर बसला.
सकाळी मामानं चिमट्यानं हलकेच उचलला.
दोन पाय राहिले.
बाई आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली,
बोट नेमकं तिथं थांबलं.
"घासून परत मारतो," मामा म्हणाला.
"राहू दे."

निघताना त्यांनी डब्याकडे पाहिलं.
अर्धा लिटर उरला होता.
"खुराड्याला होईल," म्हणत
डबा पुढच्या सीटवर ठेवला,
वळणावर कलंडू नये म्हणून
आपली पर्स त्याला टेकू दिली,
आणि पहिल्या गिअरमध्ये
गाडी खूप वेळ ओरडत नेली.